लिफ्ट हलली की वीज

पैसे गेले त्याचं फारसं वाटत नाही. पण "साहेब, मशीन ओके आहे, तुमच्या दादरलाच विजा जास्त पडतात," हे त्या दुकानदारानं ज्या थंडपणे सांगितलं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

लेक शिवाजी पार्कला नेटला जाते. वळीव काही विचारून येत नाही, म्हणून लॅमिंग्टन रोडवरनं वीज ओळखणारं तयार यंत्र आणलं. आत एएस3935 ही चिप. ती विजेच्या रेडिओ लहरी पकडते आणि वादळ किती लांब आहे, याचा 40 किलोमीटरपर्यंत अंदाज देते.

यंत्र लावलं आणि पडद्यावर विजांचा नुसता सडा. तोही भर जुलैत! मुंबईत गडगडाट व्हायचा तो पावसाच्या तोंडाशी, नाहीतर परतीच्या पावसात. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप उघडलं, तर आसपास काही नाही. इकडे सोसायटीची लिफ्ट हलली की "वीज : 63 किमी". शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला, परत 63.

दुकानदार म्हणाला, अर्थिंग बघा. मग म्हणाला, जागा बदला. सोर्स कोड मागितला, तर तो म्हणे सिक्रेट!

शेवटी चिपचं डेटाशीट काढलं. ते फुकट मिळतं. चिप इंटरप्ट देते तेव्हा त्याचं कारणही रजिस्टरमध्ये ठेवते : 8 म्हणजे वीज, 4 म्हणजे आसपासच्या उपकरणांचा उपद्रव, 1 म्हणजे गोंगाट फार. लॅपटॉप जोडून रजिस्टर थेट वाचलं. लिफ्ट हलली, 4. मिक्सर फिरला, 4. चिप बिचारी खरं बोलत होती. यांचा प्रोग्रॅम कारण न बघताच प्रत्येक इंटरप्ट वीज म्हणून मोजत होता.

आणि ते 63? चिपचे अंतराचे आकडे 40, 37, 34 असे टप्प्यांनी उतरतात. त्यांत 63 नाहीच. सहाच्या सहा बिट 1 झाले की 63 होतात, आणि त्याचा अर्थ 'टप्प्याबाहेर'. यांनी पुढे 'किमी' चिकटवून दिलं! उलट 1 आला तर वादळ थेट डोक्यावर; तिथे हे "1 किमी" दाखवणार आणि माणूस म्हणणार, अजून वेळ आहे.

हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं, "सर, एवढं कोण बघतं?"

यंत्र कचऱ्यात टाकणार होतो. टाकलं नाही. प्रोग्रॅम स्वतः लिहिला, आणि खरं सांगायचं तर आता 'दामिनी'च्या आधी नजर तिकडेच जाते. तरी लेकीला सांगून ठेवलंय : गडगडाट ऐकू आला की कुठलाच पडदा बघत बसायचं नाही, झाडाखाली थांबायचं नाही, सरळ पक्क्या इमारतीत शिरायचं.

तुम्ही असलं काही घेणार असाल तर दुकानातच मिक्सर लावून बघा. वीज पडली, तर पैसे खिशातच ठेवा.