मोटारींतलें दंव

गेल्या पौषांत आम्ही सहकुटुंब मनालीहून लाहौल प्रांतांतील केलांगास गेलों. पूर्वी ही वाट तेरा हजार फुटांवरील रोहतांग खिंडींतून जाई आणि हिंवाळ्यांत महिनोगणती बर्फानें बंद असे. २०२० सालच्या ऑक्टोबरांत ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, ४६ किलोमीटरांचा फेरा वांचला, आणि रस्ता मोकळा असेल त्या दिवशीं ऐन हिंवाळ्यांतही चंद्रा नदीच्या खोऱ्यांत उतरतां येऊं लागलें. त्यामुळें ज्यांच्या मागील पिढ्यांनीं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला, अशीं दक्षिणी कुटुंबें आतां तिकडे मोटारींतून जाऊं लागलीं आहेत. हिमशिखरांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्ही येथें एका क्षुल्लक दिसणाऱ्या, पण जिवाशीं गांठ असलेल्या गोष्टीविषयीं लिहिणार आहों. ती म्हणजे मोटारीच्या कांचेवर आंतून धरणारें दंव.

मोटारींत आम्ही लहानथोर सात जण होतों. थंडी पाहून काकूंनीं सर्व कांचा घट्ट लावविल्या, आणि ऊब बाहेर जाऊं नये म्हणून आंतलीच हवा फिरविणारी कळही दाबविली. पाव तास झाला नाहीं तोंच पुढची कांच दुधासारखी पांढरी झाली. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस नदी, खालीं गोठलेला रस्ता, आणि हांकणाऱ्यास समोरचें कांहीं दिसेना! चालक लाहौलचाच, वयस्क गृहस्थ. त्यानें ती कळ बंद केली आणि आपल्याकडील कांच दोन बोटें खालीं घेतली. “अहो, सासूबाईंना वारा लागेल ना!” काकू कळवळल्या. तो हंसून म्हणाला, “माताजी, बाहेरची हवा कोरडी आहे. हें पाणी आपलेंच आहे.”

त्याच्या या वाक्यांत सारें शास्त्र आलें. माठांतलें गार पाणी तांब्यांत ओतलें कीं तांब्यास बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार. २० अंश उष्णमानाच्या एक घनमीटर हवेंत सुमारें १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशास जेमतेम ५ ग्रॅम, आणि उणे १० अंशांस दोनांहून थोडी अधिक. म्हणजे बाहेरची हवा धुक्यानें भरलेली असली, तरी ती आंत घेऊन तापविली कीं अगदीं कोरडी होते व कांचेवरचें पाणी शोषूं लागते. उलट मनुष्य नुसत्या श्वासावाटें दिवसाकाठीं पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतो. सात माणसें दोन तास बोलत बसलीं, तर वाटीभर पाणी त्या चिमुकल्या खोलींत जमतें. तें जाणार कोठें? सर्वांत थंड वस्तु कांच, तिच्यावरच बसणार.

म्हणून बाहेरची हवा आंत घ्यावी, हीटर पुरा तापवावा आणि त्याचा झोत पुढच्या कांचेवर सोडावा. मुंबई-पुण्याच्या पावसांत आपण एअर-कंडिशनर लावून कांच स्वच्छ करतों, कारण तो हवेंतील पाणी काढून घेतो. परंतु बाहेर गोठणबिंदूजवळ थंडी असली म्हणजे बहुतेक मोटारींत हें यंत्र चालत नाहीं; तेव्हां भिस्त बाहेरच्या हवेवरच. एक गोष्ट मात्र पाहावी. थंड रस्त्यावरून लांब बोगद्यांत शिरतां कांच कधीं कधीं बाहेरून धुरकटते, कारण आंतली हवा तुलनेनें उबदार व दमट असते. तें काम वायपरचें. पाणी कोणत्या बाजूस आहे, हें आंतून बोट फिरवून पाहिलें कीं लगेच कळतें.

केलांगास पोंचल्यावर चालकानें जें केलें, तें पाहून मुलांस मोठी मौज वाटली. सामान उतरवून घेतलें, पायपोस बाहेर झटकले, बुटांबरोबर आलेला बर्फ झाडून काढला, ओली शाल आम्हांस परत दिली, आणि चारही दारें उघडीं टाकून तो पांच मिनिटें विडी ओढीत उभा राहिला. ऊब गेली, तिच्याबरोबर वाफही गेली. मग दारें लावलीं. रात्रीं पारा उणे दहाच्या खालीं उतरला. सकाळीं त्याच्या कांचा आंतून कोरड्या! शेजारीं मैदानी मुलखांतून आलेली एक मोटार होती. तिच्या कांचेवर आंतून नेच्याच्या पानांसारखी सुरेख नक्षी उमटली होती. धनी कढत पाण्याची किटली घेऊन आला, तेव्हां आमच्या चालकानें धांवत जाऊन त्याचा हात धरला. गोठलेल्या कांचेस कढत पाणी लागलें तर ती तडकते.

घरगुती उपायांविषयीं वहिनींनीं प्रवासापूर्वीच बरीच चौकशी केली होती. मिठाच्या बरणींत आपण तांदूळ घालतों, तशी तांदुळाची पुरचुंडी मोटारींत ठेवावी, असें त्यांस कोणी सांगितलें होतें. एवढ्या पाण्यापुढें तांदूळ बिचारा काय करणार? सिलिका जेलची पाव किलोची पिशवी फार तर शंभर ग्रॅमपर्यंत पाणी धरते, आणि पुढें ती तापवून वाळवावी लागते. बंद उभ्या मोटारीस तिचा थोडा उपयोग होतो, प्रवासांत नाहीं. त्यापेक्षां कांच आंतून स्वच्छ पुसलेली असावी. मळकट कांचेवर दंव लवकर धरतें.

राहिली गोष्ट गंभीर आहे. २०२२ सालच्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं बर्फांत अडकलेल्या मोटारींतून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. थंडी तर होतीच. शिवाय धुराची नळी बर्फानें बुजली असतां इंजिन चालूं ठेवलें, कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आंत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. बर्फांत अडकून पडल्यास इंजिन सुरू करण्यापूर्वीं उतरून नळीभोंवतालचा बर्फ उकरावा, दर तासास दहा मिनिटांपेक्षां अधिक वेळ तें चालवूं नये, आणि वाऱ्याच्या आडोशाकडील कांच बोटभर उघडी ठेवावी. परतीच्या वाटेवर ती कांच उघडी आहे ना, हें पाहण्याचें काम काकूंनीं आपण होऊन पत्करलें. मातुःश्रींच्या कानांस मात्र दोन मफलर बांधले.