राबाची जागा

ज्या घरात अजून कुणीच राहिलेलं नाही, त्यात भाडेकरू म्हणून पहिलं पाऊल टाकताना संकोच वाटतोच. वास्तुशांत मालकांनी केलेली असते, तोरण सुकून चौकटीला लटकत असतं, पण ओट्यावर अजून काही शिजलेलं नसतं. दूध उतू घालायचा मान कुणाचा? सासूबाईंनी सरळ मालकांनाच फोन लावून विचारलं. ते म्हणाले, "मावशी, राहणार तुम्ही, तर दूधही तुम्हीच उतू घाला." मला फार बरं वाटलं. भाडं ठरवताना इतका जिव्हाळा कुणाच्या बोलण्यात नव्हता.

घर नेरळ स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. नव्या वसाहतीतलं टोकाचं रो-हाऊस. खाली हॉल आणि किचन, वर दोन खोल्या, मागे हातभर मोकळी माती. मालक मुंबईचे. त्यांनी ते गुंतवणूक म्हणून घेतलं आणि इथे एक रात्रही काढलेली नाही. ठाण्यात जेवढ्या भाड्यात एक बेडरूम मिळते, तेवढ्यात इथे आमचं सगळं कुटुंब मावतं. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत या पट्ट्यात माणसं येऊन राहतात त्याचं कारण इतकं साधं आहे. उरलेली किंमत वेळेत चुकवायची. दादर गाठायला दीड तासाच्या वर लागतो, आणि एक गाडी चुकली की पुढची कधी येईल याचा हिशेब ऑफिसातल्या मस्टरशी जुळत नाही. संध्याकाळी कल्याण सुटेपर्यंत पाय टेकवायला जागा नसते. बदलापूरला डबा रिकामा होतो, आणि वांगणीनंतर दारातून ओल्या मातीचा वास आत येतो. त्या वासाने दिवसभराचा शीण निम्मा उतरतो.

रेल्वेची ही वाट तशी जुनी. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि तीनच वर्षांनी, 1856 मध्ये, रूळ या खोऱ्यातून खोपोलीपर्यंत पोचले. तरी बाहेरच्या माणसाला नेरळ माहीत होतं ते माथेरानच्या पायथ्याचं गाव म्हणून. 1907 पासून तिथली छोटी गाडी इथूनच डोंगर चढते. इथे उतरून इथेच घर मांडणारे आम्ही लोक अगदी अलीकडचे.

नव्या घराचं एक असतं. त्यात काय चुकलंय हे ते बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि विकत घेणाऱ्यालाही. ते पहिल्या राहणाऱ्याला कळतं. बाथरूमचा उतार मोरीकडे नसून दाराकडे आहे हे पहिल्या आंघोळीला समजलं. प्लॅस्टरला केसाएवढ्या चिरा उन्हाळ्यातच दिसू लागल्या होत्या. पहिल्या मोठ्या पावसात पश्चिमेची भिंत आतून ओली झाली आणि आठवड्याभरात तिच्यावर पांढरा खार फुटला. बोट फिरवलं की मिठासारखी भुकटी हाताला लागायची. दारं फुगली. मी एक वही केली. कुठल्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी येतं, पाण्याचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे, गच्चीवरची पन्हळ कशाने तुंबते, सगळं त्यात लिहिते. माझ्यानंतर इथे जो येईल, मालक असो की भाडेकरू, त्याला ही वही मिळायला हवी. घराच्या किमतीत तिची नोंद कुठेच होत नाही. पण भिंती उभ्या राहिल्यावर त्यांचं घर करायचं काम अजून शिल्लक असतं, आणि ते आम्ही करतो आहोत याबद्दल मला शंका नाही.

मागच्या बांधापलीकडे अजून भात लावतात. ही सगळी जमीन ज्यांच्या कुटुंबाची होती, ते काका गुरांसाठी गवत कापायला तिथे येतात. घर भाड्याने घेण्याआधी मी पुराबद्दल सगळ्यांना विचारलं होतं. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली. हजारावर प्रवाशांना त्या पाण्यातून बाहेर काढावं लागलं. ते फोटो डोळ्यांसमोरून जात नव्हते. एजंट म्हणाला, काही टेन्शन घेऊ नका. तेवढ्याने मन मानलं नाही. खरं उत्तर काकांनी दिलं, तेही मी न विचारता.

"तुमचं किचन आहे ना बाय, तिथं आमचा राब असायचा."

मे महिन्यात त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्यांचे थर अंथरून ते राब भाजायचे. राखेत पहिल्या पावसाला भात पेरायचा, रोप वीतभर झालं की उपटून, जुड्या बांधून खालच्या खाचरात नेऊन लावायचं. राबाला जागा निवडताना बघायचं एवढंच की पाणी साचू नये, कोवळं रोप कुजू नये. म्हणून शेतातला सगळ्यात उंच तुकडा. "नदी कितीबी चढली तरी हितवर नाय आली," काका म्हणाले. त्या रात्री पाऊस कोसळत होता आणि मी निर्धास्त झोपले. विकलेल्या जमिनीची अशी खबर परक्या माणसाला आपणहून द्यायची याला मन मोठं लागतं. पोरांना शेती नको होती, एवढंच ते विकण्याबद्दल बोलले.

जूनच्या तोंडावर ठाकरवाडीतल्या बायका शेवळं घेऊन स्टेशनबाहेर बसतात. सासूबाई सातारच्या, त्यांनी ही भाजी कधी पाहिलेली नव्हती. विकणारीने शेवळांच्या जुडीवर मूठभर हिरवी काकडं ठेवली आणि बजावलं, "ही घातल्याबिगर करू नको, घसा खाजंल." पहिल्या खेपेला भाजी थोडी आंबट झाली. पुढच्या खेपेपासून सासूबाई निवडायला स्वतः बसतात, शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकतात, आणि शेजारणींनाही सांगतात.

मागच्या मातीत काय लावायचं हे मात्र करारनामा ठरवतो. अकरा महिन्यांत हाताला काय लागेल? गवती चहा, अळू, कढीपत्त्याचं रोप, शेवग्याची फांदी. आंबा लावावा असं मनात येतं आणि कुदळ थांबते. भिंतीला खिळा मारायचा नाही अशी अट आहे, म्हणून सासऱ्यांचा फोटो कपाटाला टेकवून ठेवलाय. मुलगी सातवीत आहे. दर वर्षी तिला वाटतं, शाळा सुटेल.

घरमालकांची भीती मला समजते. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर निघत नाही ही धास्ती मुंबईच्या घराघरांत मुरली. पण आता 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि मुदत संपली की जागा परत मिळवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. करार तीन वर्षांचा करता येतो, पाचाचाही करता येतो. अकरा महिने ही निव्वळ सवय आहे, आणि त्या सवयीपायी हजारो कुटुंबं पाहुण्यासारखी राहतात, सामानाचे खोके माळ्यावर तसेच ठेवतात. माझ्या मते यात घराचंही नुकसान आहे. उद्या निघायचं असेल तर पश्चिमेच्या भिंतीची ओल कोण मनावर घेईल?

म्हणून या खेपेला मी मालकांना तीन वर्षांचा करार मागितला आहे. मुलीची दहावी त्यात होईल. भाडं दर वर्षी ठरल्याप्रमाणे वाढवा, हॉलमध्ये खिळे मारू द्या, पावसाआधी पश्चिमेला वॉटरप्रूफिंग करून घ्या, मजुरांवर लक्ष मी ठेवते. ते हो म्हणाले आहेत. अंगठ्याचं मशिन घेऊन एजंट रविवारी येईल. एप्रिल-मे मध्ये बोअर आटली की टँकरचे पैसे कुणी द्यायचे, ते कलम तेवढं राहिलंय. निम्मे आम्ही भरू, असं मी त्यांना कळवलं आहे.