आत्याचे जाते

दिवाळीचे दळण आता गिरणीतून येते. तरी घरात बेसन चाळू लागले की माझ्या कानांत आत्याचे जाते घरघरते.

१९९३ सालची गोष्ट. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. इकडे बिलोलीत आमच्या फळीवरची भांडी वाजली. अण्णांना वाटले, मांजर असेल. तिकडे सास्तूरजवळच्या एका खेड्यात आत्याचे घर बसले आणि आतोबा त्यात गेले.

भूकंपाने माणसे मारली, हे अर्धेच खरे. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, त्यांवर मातीचे जड माळवद. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारा आडवा दगड सहसा नसेच. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्या घरांनीच हजारो माणसे पोटात घेतली.

दिवाळीच्या सुटीत अण्णा मला घेऊन तिकडे गेले. आत्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. ढिगाऱ्यावर सात-आठ तरुण दगड वाहत होते. "नगरच्या चर्चची पोरं हायती," आत्या म्हणाली. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. चर्चच्या 'कासा' या संस्थेचा जन्मच १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी झाला, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते. असते तरी आठी गेली असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या घरची माणसे ती!

अण्णांनी त्यांतल्या एका उंच तरुणाला सरळच विचारले, "हे सगळं करून शेवटी आमच्या माणसांना बाटवणार ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो मात्र घाम पुसत म्हणाला, "काका, मावशींचं जातं कोणत्या कोपऱ्यात होतं, तेवढं सांगता का? दोन दिवस शोधतोय."

आत्याला दागिने नको होते, भांडी नको होती. जाते हवे होते. अण्णा काही बोलले नाहीत. धोतर खोचून ढिगाऱ्यावर चढले, अंदाजाने पावले मोजली आणि एका जागी थांबले. दुपार कलताना जाते सापडले. वरची तळी दुभंगलेली, खालची धड. आत्या त्या तळीवर हात ठेवून बसली आणि त्या पहाटेनंतर प्रथमच मोठ्याने रडली, असे शेजारणी म्हणाल्या.

संध्याकाळी अण्णांनी फराळाचा डबा उघडला, पहिला लाडू त्या तरुणाच्या हातावर ठेवला आणि दुसरा त्याच हातांनी स्वतः खाल्ला. ते क्षमा मागणारे गृहस्थ नव्हते.

पुढे नव्या जागी गाव वसले. जमिनीच्या मानाने घरे मिळाली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. आत्याच्या वाट्याला सर्वांत लहान आले. रस्ते सरळ, रांगा सरळ. छावणीसारखे ते गाव तिला कधी आपले वाटले नाही. खालची तळी तिने उंबऱ्याबाहेर मांडली आणि कित्येक वर्षे तिच्याजवळच अंगणात निजली. छपराखाली तिला झोप येईना.

ती होती तोवर दर भाऊबीजेला अण्णा ओवाळून घ्यायला जात. पाटावर बसतात न बसतात तोच ती विचारी, "त्या नगरच्या पोराचं काही कळलं का रं?"

अण्णा मान हलवून नाही म्हणत. मग ती डब्यातला एक लाडू बाजूला काढून ठेवी.