वुडवर्डच्या रस्त्यावरील जत्रा

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहर म्हणजे मोटारींचें माहेर, आणि नदीकाठापासून वायव्येस पाँटिॲक गांवापर्यंत सुमारें २१ मैल गेलेला वुडवर्ड ॲव्हेन्यू हा त्या शहराचा राजरस्ता. आमचा पुतण्या तेथील एका मोटारकारखान्यांत इंजिनियर आहे. त्याच्याकडे आमचा मुक्काम असतांना ऑगस्टमधील तिसऱ्या शनिवारीं त्यानें आम्हांस पहाटेंच उठविलें. "काका, आज रस्त्यावर जत्रा आहे. उशीर केला तर टेकावयास जागा मिळणार नाहीं." सूनबाईंनीं दशम्या बांधून घेतल्या, घडीच्या चार खुर्च्या गाडींत टाकल्या, आणि आम्ही निघालों.

पुतण्यानें गाडी मुद्दाम आधीं हायलँड पार्ककडे नेली. जवळजवळ सर्व बाजूंनीं डेट्रॉइटनें वेढलेलें हें लहानसें स्वतंत्र गांव. येथेंच १९१३ सालीं हेन्री फोर्डच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा कामगारांपुढून सरकत जाऊं लागला, आणि ज्या जोडणीस पूर्वीं बारा तासांहून अधिक वेळ लागे ती दीड तासांत होऊं लागली. पुढच्याच वर्षीं दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर झाली, आणि तिच्यासाठीं माणसांची रीघ लागली. कारखान्याच्या कांहीं इमारती अद्याप उभ्या आहेत. पण फोर्ड गेले, विसाव्या शतकाच्या अखेरीस क्रायस्लर कंपनीनेंही आपली मुख्य कचेरी हलविली, आणि गांव रोडावत गेलें. २०११ सालीं विजेचें देणें थकल्यामुळें गल्लीबोळांतील हजाराहून अधिक दिवे काढून नेण्यांत आले. ज्या गांवानें जगाला चाकें दिलीं त्याला दिवाबत्तीचा खर्च झेपेना! हें ऐकून जत्रेचा आमचा उत्साह खरोखरच थोडा ओसरला.

पुढें एका मैलाचा तुकडा लागला. १९०९ सालीं येथें सिमेंट-काँक्रीटचा रस्ता बांधला गेला. मग 'एट माइल' रस्ता ओलांडला कीं डेट्रॉइटची हद्द संपते आणि फर्नडेल हें टुमदार गांव लागतें. जत्रेचा उगम ह्याच गांवीं. मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठीं पैसा उभा करावयाचा, म्हणून १९९५ सालीं येथील मंडळींनीं जुन्या मोटारींची एक फेरी योजिली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं शनिवारीं रात्रीं तरुण मंडळी ह्याच रस्त्यावर गाड्या मिरवीत असत, ती आठवण लोकांच्या मनांत होती. अपेक्षा कांहीं हजारांची; आलीं सुमारें अडीच लक्ष माणसें! तेव्हांपासून, साथीमुळें रद्द झालेलें २०२० साल वगळतां, ही जत्रा आजवर भरत आली आहे.

आम्हीं सहज विचारलें, "तिकिटाची खिडकी कोठें आहे?" पुतण्या हंसूं लागला. तिकीट नाहीं, नांवनोंदणी नाहीं. ज्याच्यापाशीं जुनी गाडी असेल त्यानें ती रस्त्यावर आणावी. नसेल त्यानें गवतावर खुर्ची मांडून बसावें. वाटेवरचीं गांवें आपापल्या हद्दींत पोलीस नेमतात आणि कचरा उचलतात. भाडें घेतात तें तंबू ठोकून माल विकणाऱ्यांकडून आणि मोठ्या कंपन्यांकडून.

आणि त्या गाड्या! माशासारख्या शेपट्यांच्या, आकाशी, मोतिया, लालभडक. मध्येंच एक काळा मॉडेल टी खोकत खोकत गेला, तेव्हां सारा जमाव उठून उभा राहिला. तेलाच्या धुरानें डोळे चुरचुरूं लागले, सूनबाईंनीं नाकाला पदर लावला. हेंही सांगितलें पाहिजे.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांची १९५३ सालची हिरवी प्लिमथ मागच्याच गल्लींत उभी होती. जन्मभर कारखान्यांत दारें बसविण्याचें काम केलेलें; निवृत्तीनंतर नऊ वर्षें खपून त्यांनीं ही गाडी हातानें उभी केली होती. त्यांच्या गांवींही दरवर्षीं लहानसें प्रदर्शन भरतें. "मैदानाचें भाडें, पोलिसांचा पगार, विम्याचा हप्ता, सारें मिळून आमच्या मंडळाची तिजोरी रिकामी होई," ते म्हणाले. "शेवटीं आम्ही नगरसभेपुढें गेलों. त्यांनीं भाडें निम्म्यावर आणलें आणि पोलीस आपल्या खर्चानें दिले. आम्हीं शिल्लक रक्कम गरिबांच्या धान्यकोठीला द्यावयाची, एवढीच अट."

आम्हीं शंका काढली, "ज्यांच्याकडे मोटारच नाहीं त्यांनीं हा खर्च कां सोसावा?"

"तोच प्रश्न सभेंत एका बाईंनीं विचारला," म्हातारबोवा म्हणाले. "बाईंचें म्हणणें चूक नव्हतें. पण प्रवेशाला शंभर डॉलर ठेवा, म्हणजे दंतवैद्य आणि वकील येतील. मी येणार नाहीं."

हायलँड पार्कचे दिवे आमच्या मनांतून जाईनात. त्या गांवाची तिजोरी वेगळी, ह्या गांवांची वेगळी, हें खरें. रस्ता मात्र तोच. तरीही म्हातारबोवांचें बोलणें आम्हांस पटलें. आपल्याकडे २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं नियम केले. अशा गाडीची नव्यानें नोंदणी करावयाची तर शुल्क २०,००० रुपये. संस्थानिकांच्या रोल्स रॉइसना तें जड नाहीं. पण कोणा निवृत्त मास्तरानें आजोबांची फियाट चालती करावयाची म्हटली, तर त्याचा हात तेथेंच आखडेल, आणि आपल्या प्रदर्शनांतून राजवाड्यांतल्याच गाड्या दिसत राहतील.

प्लिमथ पाहून आम्हांस मुंबईची आठवण झाली. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम ह्याच क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, आणि फियाट मागाहून आली. आमच्या तीर्थरूपांनीं १९६५ सालीं घेतलेली फियाट तेथलीच. दोन भावांचीं कुटुंबें, एकूण नऊ माणसें, तींत बसून नरसोबाच्या वाडीला जात असूं. हें ऐकून म्हातारबोवा उठले, आम्हांस गल्लींत घेऊन गेले आणि प्लिमथचें दार उघडून म्हणाले, "बसा." आसन नवें होतें, पण वास तोच: रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि उन्हाचा.

"तुमची गाडी आतां कोठें आहे?" त्यांनीं विचारलें.

१९९८ सालीं वाडा पाडला, तेव्हां ती भंगारवाल्याला वजनावर दिली, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं किंमत विचारली नाहीं. खिशांतून फडकें काढून ते दाराच्या मुठीवरचे आमच्या बोटांचे ठसे सावकाश पुसूं लागले.