हिरव्या भोपळ्याचा रंग कोणता?

अमेरिकेतल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलात तर तुम्हाला हमखास लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानाची आठवण येईल. एक अख्खी भिंत नुसत्या रंगांची. पारदर्शक पिशव्या टांगलेल्या, आणि प्रत्येकीत आठ-दहा मऊ, लिबलिबीत, प्लॅस्टिकचे किडे. काही गांडुळासारखे, काही छोट्या माशासारखे, काही एका टोकाला झिरमिळ्या असलेल्या पोकळ नळीसारखे. त्यांना म्हणतात सॉफ्ट बेट. मऊ आमिष म्हणू हवं तर. रंगांची नावं मात्र साडीवाल्याच्याही वरताण: ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन, रूट बिअर, मोटर ऑईल, स्मोक, पर्ल... हिरवा भोपळा, कलिंगड, इंजिनाचं तेल आणि धूर! माशाला जेवायला घालायचंय की गॅरेजमध्ये न्यायचंय, कळत नाही.

मी डेट्रॉईटजवळ राहतो आणि पोटापाण्यासाठी गाड्यांच्या रंगाचं काम करतो. म्हणजे गाडीचा दरवाजा पत्र्याचा असतो, बंपर प्लॅस्टिकचा, दोन्ही वेगवेगळ्या कारखान्यांत रंगवलेले, आणि तरीही उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दोघे सख्खे भाऊ दिसले पाहिजेत. ते तसे दिसतात की नाही हे बघायचा पगार मला मिळतो. यंत्रं असतात, पण शेवटचा शब्द अजूनही माणसाच्या डोळ्याचा. आमच्या डोळ्यांचीही परीक्षा होते. किंचित किंचित फरकाच्या पंचाऐंशी रंगीत टोप्या ओळीने लावायच्या, अशी १९४० च्या दशकातली एक चाचणी आहे. मी ती दरवेळी नीट पास होतो. या गोष्टीचा मला थोडा माजही होता म्हणा.

आमच्या चिरंजीवांनी तो उतरवला.

तो आठ वर्षांचा असताना शाळेत झाड रंगवलं. खोड हिरवं, पानं तपकिरी. बाईंनी चिठ्ठी पाठवली, आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तिथे इशिहारांचं पुस्तक असतं, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली ते छापलं, आणि शंभर वर्षांनंतरही जगभर तेच वापरतात. पहिलं पान सगळ्यांना येतं, ते त्यालाही आलं. पुढच्या पानांवर तो माझ्याकडे बघायला लागला. मला प्रत्येक आकडा लख्ख दिसत होता आणि त्याला नुसते ठिपके.

निदान झालं ड्युटेरॅनोपिया. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातली हिरव्या भागाला जास्त दाद देणारी पेशी त्याच्याकडे नाही. उरलेल्या दोघींवर संसार. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्याची काही ना काही अडचण असते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचं काहीच वाटलं नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला एक्स मिळतो आईकडून, म्हणजे माझ्याकडून हे येणं शक्यच नव्हतं. (हे वाक्य घरात उच्चारायचं नसतं, एवढं शहाणपण लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर येतं.)

मग एक जुनं कोडं सुटलं. माझे सासरे आयुष्यभर मंडईतून कच्चे टोमॅटो आणत आले. सासूबाई चाळीस वर्षं म्हणत होत्या, "यांचं कामात लक्ष नसतं." बायकोनं फोनवर सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईला फोन देऊ का? हे तिला तू सांग. माझं ती ऐकायची नाही."

माझ्या आईची काळजी वेगळी. "गाडी तरी चालवता येईल ना रे त्याला?" येईल, आई. सिग्नलचा लाल वर असतो, हिरवा खाली, जागा पाठ झाली की झालं. भारतातही २०२० साली नियम बदलून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. पण विमान, रेल्वे, तिथे रंगाची चाचणी लागते, आणि आमच्या घरात तेव्हा रेल्वेचं इंजिन चालवण्याचं वेड जोरात होतं. त्याला आम्ही हे सांगितलं नाही, त्यानंच कुठेतरी वाचलं. नंतर इंजिनं बंद झाली. त्याहून वाईट म्हणजे चित्रं बंद झाली. खडूंची पेटी कपाटात गेली ती गेलीच. तो काही बोलला नाही, आम्ही विचारलं तर म्हणायचा, "कंटाळा आला."

आता माशाकडे वळतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की याने भोपळ्याचं नाव सांगून डोळ्यांचा दवाखाना दाखवला.

स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. अंगाने कांस्याच्या रंगाचा, बाजूंवर उभे पट्टे, डोळा लालसर. त्याचा चुलतभाऊ लार्जमाउथ, त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा तिथवर पोचत नाही, म्हणून हा 'लहान तोंडाचा'. तोंड लहान असलं तरी बाणा मोठा आहे. गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो आणि तुमच्या मनगटाची परीक्षा घेतो. आम्ही तो परत सोडतो. (मालवणच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मगे धरतास कित्याक?" याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.)

आमच्या घरापासून जवळ लेक सेंट क्लेअर आहे. क्षेत्रफळ अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास, पण खोली म्हणाल तर सरासरी जेमतेम अकरा फूट. परात म्हणा ना. एके काळी पाणी बरंच गढूळ असायचं म्हणतात. १९८८ साली इथे झेब्रा मसल नावाची चिमुकली शिंपली सापडली. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूची ही मंडळी, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेली. एकेक शिंपली दिवसाला लिटरभर पाणी गाळते, आणि त्या होत्या अब्जावधी. तळ्याचं पाणी नितळ झालं. मागोमाग १९९० मध्ये त्याच भागातला गोबी मासा सेंट क्लेअर नदीत सापडला. बोटाएवढा, बेडकाच्या तोंडाचा, तळाला चिकटून राहणारा. बासने चार दिवस विचार केला असेल, मग गोबी खायला सुरुवात केली ती आजतागायत. आम्ही परदेशातून आलेल्यांनी इथे काय काय बदललं याची यादी करायची झाली तर शिंपली आणि गोबी माझ्या किती तरी पुढे आहेत.

पाणी नितळ झालं आणि रंगाचा प्रश्न आला. गढूळ पाण्यात माशाला आमिष दिसलं तरी पुष्कळ, तिथे भडक किंवा ठार काळं चालतं. नितळ पाण्यात तो लांबून बघतो, जवळ येतो, थांबतो, निरखतो आणि बऱ्याचदा परत जातो. लक्ष्मी रोडवरच्या मावशींसारखा. म्हणून तिथे साधे, मळखाऊ, तळाशी मिसळणारे रंग. हिरवा भोपळा त्यात राजा. शेवाळलेल्या कौलाचा रंग डोळ्यांसमोर आणा, तोच. गोबीही तसाच दिसतो, इथली खेकडावजा क्रेफिशही तशीच. कडक ऊन असेल तर धुरकट, आरपार दिसणारं आणि आत चंदेरी चमकी असलेलं 'स्मोक' चालतं, कारण वरच्या पाण्यातले छोटे मासे तसेच अर्धवट काचेचे असतात. आभाळ आलं की तेच आमिष दिसेनासं होतं, मग मोतिया पांढरं किंवा चांगलं गडद घ्यावं.

आता एक गंमत. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली जो रंग तुम्ही निवडता तो माशाला दिसतच नाही. आमच्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात: एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. पाणी तर उजेडच बदलतं. शुद्ध पाण्यातसुद्धा पाच मीटर खाली गेल्यावर गडद लाल प्रकाशाचा पाचवा हिस्साही उरत नाही, हिरवा मात्र तीन चतुर्थांश शाबूत असतो. म्हणजे ती सुंदर लाल चमकी, जिच्यासाठी आपण दोन डॉलर जास्त मोजले, ती तळाशी नुसती काळपट कणी. मासे पकडण्यापूर्वी हे रंग माणसं पकडतात, हे माझं पक्कं मत आहे.

मासा स्वतः काय बघतो? २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लार्जमाउथवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. माशांना ठरावीक रंगाकडे गेलं की खाऊ, अशी शिकवण दिली आणि मग ते कुठे फसतात ते पाहिलं. लाल आणि हिरवा त्यांना छान कळतो. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत गोंधळ, आणि गडद निळा नि काळा यांतही. त्यांच्या डोळ्यात रंगाच्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, एक लालची, एक हिरव्याची. निळ्याची नाहीच. स्मॉलमाउथ त्याच घराण्यातला.

हे मी जेवताना बायकोला सांगत होतो. चिरंजीवांनी ताटातून मान वर केली. "दोनच? म्हणजे माझ्याएवढ्याच?"

म्हटलं, "हो. तुझी हिरव्याची नाही, त्याची निळ्याची नाही."

"आणि तरी त्याला तुम्ही पकडू शकत नाही."

त्या शनिवारी तो आपणहून माझी आमिषांची पेटी घेऊन बसला. मी ती रंगाप्रमाणे लावली होती, तपकिरी, हिरवे, पांढरे, अगदी कारखान्यातल्या शिस्तीत. त्याने सगळी ओतली आणि खिडकीच्या उजेडासमोर एकेक धरत नव्याने लावली. एका कप्प्यात आरपार दिसणारी, दुसऱ्यात अर्धवट, तिसऱ्यात ठोकळ. प्रत्येक कप्प्यात फिकट डावीकडे, गडद उजवीकडे. माझा हिरवा भोपळा आणि माझं रूट बिअर शेजारी शेजारी झोपलेले. मी काही बोलणार होतो, बायकोने डोळ्यांनी गप्प केलं. मग नीट पाहिलं तर नितळ पाण्यासाठी ही मांडणी माझ्यापेक्षा सरस होती. पंधरा फुटांवर हिरवा की तपकिरी हा वाद क्षीण होतो. उरतं ते तळाच्या मानाने फिकट की गडद, आणि उजेड आत शिरतो की अडतो. तेवढंच त्याने पाहिलं होतं, कारण त्याला बाकीचं मध्ये येत नव्हतं.

शेजारच्या निवृत्त आजोबांची बोट आहे. सतरा वर्षांखालच्या मुलांना मिशिगनमध्ये मासेमारीचा परवाना लागत नाही, त्यामुळे खर्च माझाच. जुलैतली सकाळ, वारा पडलेला, बारा फुटांखालची वाळू स्पष्ट दिसत होती. आजोबा गळ बांधत होते, मी चष्मा पुसत होतो, आणि हा बोटीच्या काठावरून वाकून म्हणतो, "तिथे गोबी आहे. दगडाच्या डाव्या बाजूला. अजून एक. तिसरा हलला."

मला दगड दिसत होता. पोलराइज्ड चष्मा, पंचाऐंशी टोप्यांचं प्रमाणपत्र, आणि मला फक्त दगड. आजोबांनाही दिसेना. मग एकाने शेपूट हलवली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. १९९२ साली ब्रिटिश संशोधकांनी हेच दाखवलंय: रंगांच्या गोंधळात लपवलेली वस्तू दोन शंकुपेशीवाल्यांना सापडते आणि तिघीवाल्यांना सापडत नाही, कारण आपल्याला रंगच भुलवतो. लेख मी नंतर शोधला. त्या क्षणी मात्र मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो.

आजोबांनी त्याला बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलं आणि म्हणाले, आता तू सांगशील तिथे टाकायचं. माझ्या हातातलं आमिष पाहून त्याने मान हलवली. "बाबा, हे फार गडद आहे. वाळू फिकट आहे ना." मला स्मोक दिलं. त्याला दोन मासे मिळाले, मला तीन, आणि आजोबांना सात. कोणत्या रंगावर म्हणाल, तर बोटीच्या कप्प्यात कित्येक उन्हाळे पडून विटलेल्या, कुठलाच रंग न उरलेल्या एका नळीवर. विज्ञानाला असे लोक फार त्रास देतात.

हे सगळं सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. नातवाने पेटी कॅमेऱ्यासमोर धरली. "आजोबा, यातली हिरवी कुठली, सांगा."

ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "एकही नाही."

"मला पण एकही नाही!" हा खूश. मग दोघांनी मिळून मला आणि बायकोला बाजूला सारलं आणि अर्धा तास गोबी कसा ओळखायचा यावर चर्चा केली. मागून सासूबाई विचारत होत्या की टोमॅटो आणायला कोण जाणार आहे.

परवा तो पेटीच्या झाकणावर काहीतरी चिकटवत होता. तळ्याचा नकाशा काढलाय त्याने, पेन्सिलीने, नुसत्या फिकट-गडद छटांचा. वाळू, गवत, दगड, बोट जिथे उभी होती ती जागा. रविवारी वारा दहा मैलांच्या आत असेल तर पुन्हा जाणार आहोत, आणि यावेळी आजोबांची ती विटकी नळी उसनी मागायची असं ठरलंय.