बोंडातली सरकी सारखी का नसते

मृग तोंडावर आला की मेहकर-चिखलीकडच्या शेतकरी मेळाव्यांत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, सोयाबीनचं घरचं बी पेरा म्हून तुमीच सांगता, मंग पऱ्हाटीचं दरसाल इकत काऊन घ्या लागते?" प्रश्न रास्त आहे. घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासा आणि तेच पेरा, असं कृषी खातं आवर्जून सांगतं. कपाशीचं पाकीट मात्र दुकानातूनच आणावं लागतं. पुष्कळजण याचं उत्तर कंपन्यांच्या नफ्यात शोधतात. नफा आहेच. पण त्याच्याही आधी कळीच्या पोटात काहीतरी घडतं, आणि पीक पैदासकार म्हणून माझं सगळं काम त्याच्याभोवती फिरतं.

ते डोळ्यांनी पाहायचं तर कपाशीपेक्षा मिरची बरी. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये संकरित मिरचीचं बीजोत्पादन चालतं, त्यामुळे कळ्यांना तोटा नाही. बाया चिमट्याने ज्या फुगलेल्या कळ्यांतले परागकोश काढतात, त्या मला उपयोगाच्या नसतात. त्यांच्यात सगळं उरकलेलं असतं. मला हवी असते जेमतेम तीन मिलिमीटरची कळी. ती सकाळी खुडून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायची. मग एक परागकोश काचपट्टीवर घेऊन ॲसिटोकारमाइनच्या थेंबात सुईने चेचायचा, वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायची. वेळ नेमकी साधली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत गडद लाल असे 12 पुंजके दिसतात. मिरचीची गुणसूत्रं 24. त्यांतली 12 मादी झाडाकडून आलेली, 12 नर झाडाकडून. एरवी पेशीत ती एकमेकांपासून फटकून असतात. इथे मात्र प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधून त्याला बिलगलेलं असतं, म्हणून 24 ऐवजी 12 दिसतात. हे दृश्य मी कितीही वेळा पाहिलं असलं तरी दरवेळी काचपट्टी सरकवायला हात धजत नाही.

यालाच अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. बिलगलेल्या जोड्या नुसत्या शेजारी बसत नाहीत. दोघांचे धागे सारख्याच जागी तुटतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. त्यानंतर जोड्या विलग होतात. कोणत्या जोडीतलं कोणतं गुणसूत्र कोणत्या टोकाला जाईल, हे आधी ठरलेलं नसतं, आणि एका जोडीचा कौल दुसरीला बांधील नसतो. पुढे आणखी एक विभाजन होऊन एका पेशीच्या चार पेशी होतात, प्रत्येकीत 12 गुणसूत्रं. त्याच चार पेशींचे परागकण होतात. बीजांडाच्या बाजूलाही विभाजन हेच. तिथे बहुतेक वेळा चारांतली एकच पेशी टिकते. परागकण आणि अंडपेशी एकत्र आल्या की 24 चा आकडा पुन्हा भरतो.

आपल्या अमेरिकन कपाशीत गुणसूत्रांच्या 26 जोड्या. नुसत्या जोड्यांच्या उलटसुलट जाण्यातून एका झाडाला 6,71,08,864 प्रकारचे परागकण देता येतात. तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही.

मग सोयाबीनमध्ये असा गोंधळ का होत नाही? तिथेही विभाजन हेच आहे. पण सोयाबीनचं फूल बहुधा उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं. पिढ्यान्‌पिढ्या असं होत गेलं की जोडीतली दोन्ही गुणसूत्रं जवळपास एकसारखी होतात. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-335 हा वाण अशाच सरळ वाणांपैकी. बदामचा राजा देऊन बदामचाच राजा घेतला, तर हातातले पत्ते तेच राहतात! म्हणून घरचं सोयाबीन आईबापासारखंच निघतं.

संकरित कपाशीचं उलटं आहे. 1970 मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला, आणि पुढे कपाशीत संकरित बियाण्याचंच राज्य आलं. दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर झाला की पहिली पिढी एकजात आणि जोमदार येते. मात्र तिच्या जोड्यांतले जोडीदार वेगवेगळे असतात. त्या झाडाच्या कळीत विभाजन झालं की सगळं विस्कटतं, आणि तिची सरकी पेरली की एक झाड कमरेला, एक छातीला, एकाचं बोंड मोठं तर दुसऱ्याचा धागा आखूड.

इथवर बऱ्याच जणांना पटतं. सहसा निसटतो तो पुढचा मुद्दा. हे विस्कटणं पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही. विकत आणलेल्या बियाण्याच्या बोंडात याच हंगामात ते झालेलं असतं. आपल्याकडच्या बीटी संकरित वाणांमध्ये बोंडअळीविरोधी जनुकं बहुधा एकाच पालकाकडून येतात. दोन जनुकं वेगवेगळी वाटली गेली, तर सरासरी 16 सरक्यांमागे 9 मध्ये दोन्ही, 3 मध्ये एक, 3 मध्ये दुसरं आणि एकीत कोणतंच नाही. गुलाबी बोंडअळी नेमकी बोंडात शिरून सरकी खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण विषाची, अर्ध्या विषाची आणि बिनविषाची सरकी मिळते, आणि त्यातून कणखर अळ्या निवडल्या जातात. 2017 मध्ये विदर्भात या अळीने जो हाहाकार केला, त्याला फरदड ठेवणं आणि बांधाकडेने बिगर-बीटी न लावणं कारणीभूत होतंच. पण सरकीच्या या वाटणीकडे आपण आधीच लक्ष द्यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. सरळ वाणात हे जनुक जोडीच्या दोन्ही गुणसूत्रांवर बसवता येतं, मग प्रत्येक सरकीत ते येतंच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे सरळ बीटी वाण काढले आहेत. कोरडवाहू, हलक्या जमिनीसाठी ते दुकानात सहज मिळायला हवेत.

शेतकऱ्याला बिघडलेली वाटणारी ती दुसरी पिढी आम्हा पैदासकारांचा मात्र खरा ठेवा. हजारभर बेढब झाडांत एखादं लवकर फुटणारं, तुडतुड्यांना दाद न देणारं, लांब धाग्याचं झाड सापडतं. दोन पालकांपैकी कोणातही हे सगळे गुण एकत्र नव्हते. त्याचं फूल उमलण्याआधी बांधून स्वतःच्याच परागाने फळवायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दर पिढीला जोडीतली तफावत निम्मी होते. सहा पिढ्यांत ती चौसष्टाव्या हिश्शावर येते. तेव्हा कुठे त्याची सरकी शेतकऱ्याने घरी ठेवावी इतकी एकसारखी होते.