नांव ऐकावें कीं पाहावें?

पात्राच्या नांवांत त्याचा स्वभाव गोंवून ठेवण्याची युक्ति मराठी वाचकांस नवी नाहीं. देवलांच्या 'शारदा' नाटकांत (१८९९) जरठ नवरदेवाचें नांव भुजंगनाथ आहे आणि पैशाला भुललेल्या बापाचें कांचनभट. दोघेही रंगभूमीवर पाऊल टाकण्यापूर्वींच आपणांस पुरते कळलेले असतात. शेरिडनच्या नाटकांतही हाच प्रकार आहे, आणि इतकीं वर्षें तीं वर्गांत शिकविल्यावर आम्हांस त्या युक्तीचा थोडा कंटाळाच आला आहे. असलें नांव म्हणजे पात्राच्या गळ्यांत अडकविलेली पाटी!

आमच्या कन्येच्या कपाटांतील जपानी चित्रकथा – तिकडे त्यांस 'मांगा' म्हणतात – आम्ही अलीकडे वाचूं लागलों आहों. त्यांतील नांवांची जात निराळी आहे. जपानी नांवाला जणूं दोन देह असतात. एक कानासाठीं, एक डोळ्यांसाठीं. नांवें बहुधा 'कांजी' या चिनी वळणाच्या अर्थवाही अक्षरांनीं लिहितात. एकच उच्चार अनेक अक्षरांनीं लिहितां येतो आणि एकाच अक्षराचे उच्चारही अनेक असतात. म्हणून तेथें नुसतें नांव ऐकून भागत नाहीं. तें कोणत्या अक्षरांनीं लिहितात हें विचारावें लागतें. आमच्या बाळबोध लिपींत लिहावें तसें वाचावें, त्यामुळें या दोहोंमधील फट आम्हांस दिसतच नाहीं. मांगाकार नेमके त्या फटींत आपला डाव मांडतात.

'ब्लीच' (२००१-२०१६) या मालिकेंतील शूर नायकाचें नांव इचिगो. कानाला हें एका इवल्याशा फळाचें, स्ट्रॉबेरीचें नांव वाटतें. डोळ्यांपुढें मात्र 'एक' आणि 'रक्षण' अशीं दोन अक्षरें असतात. 'डेथ नोट' (२००३-२००६) मध्यें हा डाव अधिक काळोखा आहे. तेथील नायकाच्या 'यागामि' या आडनांवांत 'रात्र' आणि 'देव' हीं अक्षरें आहेत. नांवाचें अक्षर 'चंद्र', परंतु वाचावयाचें 'राइतो', म्हणजे इंग्रजी 'लाइट'! सर्व जण ज्याला प्रकाश म्हणून हांक मारतात, तो कागदावर रात्रीचा चंद्र आहे. इंग्रजी भाषांतरांत उरतो तो केवळ 'लाइट', आणि अर्धें पात्र तेथेंच गळून पडतें. (खऱ्या आईबापांसही असल्या नांवांचा मोह पडतो; २६ मे २०२५ पासून तेथील कुटुंबनोंदणींत उच्चारही नोंदला जातो, आणि तो सर्वमान्य असावा असा नियम आहे. कादंबरीकारांवर हा नियम नाहीं, हें वाचकांचें भाग्य.)

भाषांतरकारांवर आमचा राग आहे तो निराळ्याच एका नांवावरून. नाओको ताकेउचि यांच्या 'सेलर मून' मालिकेची (१९९१-१९९७) नायिका त्सुकिनो उसागी. 'त्सुकि' म्हणजे चंद्र, 'नो' कानाला 'चा' असा वाटतो, 'उसागी' म्हणजे ससा. अमेरिकेंत १९९५ सालीं तिची सचल चित्रमालिका दूरदर्शनावर दाखवितांना तिला 'सेरीना' करून टाकिलें. ससा पळाला! पाश्चात्त्यांस चंद्रावर माणसाचें तोंड दिसतें, त्यांस सशाचें काय सुखदुःख? परंतु चंद्रास शशांक आणि शशी म्हणणाऱ्यांस हें नांव समजावून सांगावें लागत नाहीं. अतिथीसाठीं अग्नींत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध धर्माबरोबर येथूनच तिकडे गेली. ती नायिका मराठींत आली असती तर सशासकट आली असती.

मियाझाकी यांच्या २००१ सालच्या एका बोलपटांत तर नांव हेंच कथानक आहे. त्याच्या मूळ शीर्षकाचा अर्थ साधारणतः 'सेन व चिहिरो यांस देवांनीं लपविलें' असा होतो. 'चिहिरो' म्हणजे हजार वांव, अथांग. देवांच्या स्नानगृहाची मालकीण त्या दहा वर्षांच्या मुलीस चाकरीस ठेवितांना करारावरील तिच्या नांवाचीं अक्षरें उचलून घेते आणि 'हजार' हें एकच अक्षर मागें ठेवते. एकटें पडतांच त्याचा उच्चारही पालटतो, 'सेन'. खोली गेली, आंकडा उरला. आणि जी आपलें मूळ नांव विसरेल तिला घरची वाट सांपडणार नाहीं. परदेशी प्रेक्षकांस 'सेन' आणि 'चिहिरो' हीं परस्परांशीं संबंध नसलेलीं दोन नांवें वाटतात. आम्हीं कन्येस दोन्ही अक्षरें एका लखोट्याच्या पाठीवर काढून दाखविलीं आणि दुसऱ्यावर बोट ठेविलें, तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

मग तिनें आजीचें माहेरचें नांव विचारलें. जपानांत लग्नानें आडनांव बदलतें, नांव बदलत नाहीं. आमच्याकडे ताटांतील तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहिलें कीं जुनें संपलें. आमच्या मातोश्रींस त्या नांवानें हांक मारणारे एक थोरले बंधु होते. ते गेल्यावर मातोश्री सोळा वर्षें जगल्या, आणि त्या सोळा वर्षांत तें नांव आमच्या घरांत कोणीं उच्चारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तें अजून आहे. दाखला काढून आम्हीं तो कन्येच्या हातीं दिला.